तिसऱ्या आठवड्यातला चेहरा: जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेचं एक प्रकरण

रुग्ण २३ वर्षांची मुलगी, तासगाव तालुक्यातली. घरची द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. ती स्वतः डी. फार्म. झालेली आणि सांगलीत एका मेडिकल दुकानात काउंटरवर कामाला. नाव-गाव मुद्दाम सांगत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून तिच्या खालच्या जबड्याची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त वाढत गेली. आमच्याकडे मिरजेला आली तेव्हा उजव्या जबड्याची खालची कड डावीपेक्षा सुमारे ९ मिलिमीटर खाली उतरलेली होती आणि हनुवटीचं टोक मध्यरेषेपासून ५ मिलिमीटर डावीकडे सरकलेलं होतं. दुखत काही नव्हतं. खाता येत होतं, दातही बऱ्यापैकी जुळत होते. पण औषधाची चिठ्ठी पुढे करणारा माणूस आधी आपल्या जबड्याकडे बघतो, हे तिला रोज जाणवायचं. करोनाच्या काळात मास्क लावून कॉलेजला जायला मिळालं, ते दिवस सगळ्यात सुखाचे गेले, असं तिने पहिल्याच भेटीत सांगितलं. ते वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं. अशा शस्त्रक्रियेला 'नुसती हौस' म्हणणारे आम्हा डॉक्टरांतही आहेत, आणि मला ते मान्य नाही.

या विकाराला अर्ध्या जबड्याची अतिवाढ म्हणतात. ह्यूगो ओब्वेगेसर आणि माकेक यांनी १९८६ मध्ये त्याचं वर्गीकरण केलं. कानापुढच्या सांध्यात जबड्याच्या हाडाचं जे गोलसर टोक बसतं, तिथली वाढ एका बाजूला जास्त होते आणि वाढीचं वय उलटलं तरी बऱ्याचदा थांबत नाही. म्हणून पहिला प्रश्न असतो, वाढ थांबली आहे का? चालू वाढीत हाड तासलं तर काही वर्षांनी चेहरा पुन्हा वाकडा होतो. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या हाडांच्या स्कॅनमध्ये वाढ चालू असलेली जागा जास्त उजळ दिसते; तिचे दोन्ही सांधे सारखेच दिसले. जुने फोटो शेजारी ठेवून पाहिले, त्यांतही अलीकडे फरक पडलेला नव्हता. वाढ थांबली होती.

दोन्ही जबडे हलवायचे, आधी-नंतर दातांना तारा लावायच्या, असा मोठा उपचार शक्य होता. दात जुळत असल्याने तो तिला नको होता, आणि तिचं म्हणणं रास्त होतं. ठरलं ते एवढं: उजव्या जबड्याची लोंबलेली खालची कड तासून डावीच्या बरोबरीला आणायची आणि हनुवटीचा तुकडा कापून मध्यावर सरकवून टायटॅनियमच्या पट्टी-स्क्रूने बसवायचा. सगळं तोंडाच्या आतून, बाहेर कापाची खूण नाही. हनुवटीची शस्त्रक्रिया तोंडातून करायची पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडली. आम्ही आजही मुळात तेच करतो.

एक अडचण या विकारातच असते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातल्या कालव्यातून जाते. हाड खाली वाढतं तसा हा कालवाही खाली ओढला जातो आणि नेमकी जी कड तासायची तिथेच येऊन बसतो. तिच्या सीटी स्कॅनमध्ये तो कडेला अगदी चिकटून होता. म्हणजे कालवा उघडायचा, नस मोकळी करून बाजूला धरायची आणि मग हाड कापायचं. उजव्या बाजूला काम जास्त, हाताळणी जास्त, म्हणजे सूजही जास्त. या प्रकरणात पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

पहिले दिवस

शस्त्रक्रिया दिवाळीनंतर केली. छाटणीची घाई संपलेली होती, माल निघायला वेळ होता, घरच्यांना येणं-जाणं जमणार होतं. भूल देतानाच शिरेतून ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. त्याने सूज टळत नाही, कमी चढते. उजव्या बाजूला रात्रीपुरती बारीक निचरा-नळी ठेवली आणि हनुवटीवर दाबाची पट्टी बांधली.

पहिल्या रात्री नातेवाईक गालाची सूज बघत असतात आणि आम्ही जिभेखालची. हनुवटीचं हाड कापल्यावर तोंडाच्या तळाशी रक्त साठलं तर जीभ वर-मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडते. असं क्वचितच होतं, पण झालं तर वेळ मिनिटांचा असतो. म्हणून सिस्टर दर तासाला टॉर्च घेऊन तेच बघत होत्या: जीभ वर उचलते का, थुंकी गिळते का, आवाज घोगरा किंवा दबका झाला का. सगळं ठीक होतं. उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली. जागी असताना वीस मिनिटं बर्फ, वीस मिनिटं विश्रांती, मध्ये कापड. बर्फ फक्त पहिले ४८ तास. त्यापुढे त्याचा फायदा फारसा नसतो, आणि बधिर कातडीवर बर्फ धरून ठेवला तर कातडी करपते, रुग्णाला कळतही नाही.

सूज का येते, हे आधीच सांगितलेलं बरं असतं. हाडावरचं आवरण उचलावं लागतं, चावण्याचा मोठा स्नायू हाडापासून सोडवावा लागतो. जखम झालेल्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातलं पाणी व प्रथिनं बाहेर झिरपतात. त्याच वेळी हे पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्याही कापल्या गेलेल्या असतात. आवक जोरात, निचरा बंद. म्हणून शस्त्रक्रियेच्या संध्याकाळपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा जास्त सुजतो. ४८ ते ७२ तासांत सूज शिखरावर पोचते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा डोळा निम्मा मिटलेला होता, ओठ बाहेर आलेले, जबड्याची कड बोटाने चाचपूनही लागत नव्हती. आई आधीच्या बोलण्याला हजर होती, ती निभावून गेली. आजी आणि चुलते बागेच्या कामामुळे तेव्हा आले नव्हते. त्यांना हे पहिल्यांदा दिसलं ते थेट वॉर्डात.

तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, पण गावाला जाऊ दिलं नाही. पहिला आठवडा सांगलीत विश्रामबागेत मावशीकडे राहायचं ठरलेलं होतं, म्हणजे काही झालं तर अर्ध्या तासात आमच्याकडे. बजावून सांगितलं होतं की चौथ्या दिवसानंतर सूज उतरायला लागली पाहिजे. उतरता-उतरता एकाच बाजूने पुन्हा चढली, लाल-गरम झाली, ताप आला किंवा तोंडात घाण चव आली, तर फोन करत बसायचं नाही, निघून यायचं. गिळता येईना किंवा श्वास लागला, तर जवळचं जे रुग्णालय असेल तिथे.

फोन आला तो वेगळ्याच कारणाने. सहाव्या दिवशी गळा आणि छातीचा वरचा भाग पिवळा पडला. आजींनी निदान करून टाकलं होतं: "पोरीला कावीळ झालीया." मुलीला बोलावून घेतलं. डोळ्यांचं पांढरं स्वच्छ, लघवीचा रंग नेहमीचा. जबड्याभोवती साचलेलं रक्त वजनाने खाली उतरतं, गळ्यावर येतं, कधी छातीवरही. ते विरघळताना आधी जांभळं, मग हिरवट, मग पिवळं दिसतं. पिवळा रंग बिलिरुबिनचा, काविळीत वाढतं तेच द्रव्य, पण इथे ते फक्त त्या जागी तयार होतं आणि निघून जातं. आजींचं निरीक्षण अचूक होतं. कारण तेवढं दुसरं होतं, आणि ते मी त्यांना तसंच सांगितलं.

मग आंबेहळदीचा विषय निघाला. आपल्याकडे मुक्या माराला आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावतात, आजींनी सहाण सोबत आणली होती. मी नको म्हटलं, आणि का ते सांगितलं. टाके आत आहेत, लेप बाहेर लागणार. वाळताना तो कातडी ओढतो आणि लालसरपणा झाकतो, आणि तोच लालसरपणा मला रोज बघायचा असतो. मिठाच्या पुरचुंडीचा शेकही थांबवला. तो जास्त धोक्याचा. नस हाताळलेली असल्यामुळे उजवी हनुवटी बधिर होती. चटका बसला तरी तिला कळला नसता. दुसऱ्या आठवड्यात कोमट शेक चालतो, पण कापड आधी आईने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, या अटीवर.

खाणं

जेवणाबाबत मला काही शिकवावं लागलं नाही, हे कौतुकाने लिहितो आहे. इंटरनेटवरच्या याद्यांत प्रोटीन शेक आणि सूप असतात. या घरात ज्वारीची आंबील, मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व आणि हुलग्याचं माडगं होतं. सगळं गाळून, कोमट करून. गरम नाही, कारण बधिर ओठ भाजतो. स्ट्रॉ नको सांगितलं. ओढताना हनुवटीच्या टाक्यांवर ताण येतो आणि बधिर ओठाने ती नीट धरताही येत नाही. सुरुवातीला सिरिंजला मऊ नळी लावून, मग चमच्याने. लोणचं, पापड, खारवलेलं काही नाही. मिठाने अंगात पाणी धरलं जातं आणि सकाळचा चेहरा आणखी जड होतो. बेदाणा भिजवून, वाटून, गाळून चालेल. साल टाक्यात अडकायला नको. तरी चार आठवड्यांत वजन ४७ वरून साडेत्रेचाळीस किलोवर आलं. दिवसातून सहा-सात वेळा थोडंथोडं घे आणि प्रत्येक वेळी दूध, डाळ किंवा दही यांतलं काहीतरी असू दे, एवढं मी परत-परत सांगत राहिलो. प्रथिनांवाचून टाके भरत नाहीत.

दर जेवणानंतर क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या होत्या. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते आधीच सांगून ठेवलं. नंतर साफ करता येतात. एरवी पोरी त्यानेच घाबरतात.

सोळावा दिवस

दहाव्या दिवसापर्यंत सूज भराभर उतरली. डावी बाजू जवळजवळ मोकळी झाली. उजवी तिच्यापेक्षा हळू. आणि मग सोळाव्या दिवशी मुलगी, आई, आजी, चुलते असे चौघंही ओपीडीत आले. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, तोंड परत तिकडंच गेलंय बघा. कशाला केलं मग ह्ये सगळं?"

मी बघितलं. खरंच, समोरून पाहिलं तर जुनाच चेहरा. उजवी बाजू भरलेली आणि खाली आलेली, हनुवटी डावीकडे झुकल्यासारखी. मुलगी काही बोलत नव्हती. दोन दिवस जेवली नव्हती, रात्रभर फोनवर स्वतःचे फोटो बघत होती. चुलत्यांचा प्रश्न सरळ होता: हाड सरकलंय, तर परत कधी करायचं?

हा प्रसंग मी इतका सविस्तर लिहितो आहे, कारण जबड्याचा वाकडेपणा दुरुस्त केल्यावर हा टप्पा अनेकांच्या वाट्याला येतो आणि त्याची कल्पना कुणी देत नाही. ज्या बाजूचं हाड मोठं, तिथेच जास्त कापावं लागतं. जास्त कापलं तिथे सूज जास्त येते आणि उशिरा उतरते. म्हणून तिसऱ्या आठवड्यात सूज जुन्या व्यंगाची नक्कल करते. हाड बरोबर जागी असतं, पण वरचं मांस जुन्या जागी दिसतं. याच काळात माणूस मनाने सगळ्यात खचलेला असतो. झोप अपुरी, पोट अर्धवट, बोलायला त्रास, आणि सुरुवातीचं "थोडे दिवस सोस" संपलेलं.

तपासल्यावर ताप नव्हता, पू नव्हता, टाके स्वच्छ होते. कानापुढच्या उंचवट्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणि हनुवटीपर्यंत आम्ही दर भेटीत टेपने मोजतो. शस्त्रक्रियेआधीच्या मापाशी तुलना केली तर डावीकडे ३ मिलिमीटर सूज शिल्लक होती, उजवीकडे ८. नुसत्या सुजेचाच ५ मिलिमीटरचा फरक. मग समोरून एक्स-रे काढला आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेशेजारी लावला. पट्टी आणि स्क्रू तिथल्या तिथे, हनुवटीचा मध्य नाकाच्या रेषेत, दोन्ही कडा एका उंचीवर. फूटपट्टी आजींच्या हातात दिली, त्यांना स्वतः ठेवून बघू दिली. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत, पण खुर्चीत नीट टेकून बसल्या.

मी त्यांना २०१९ च्या पुराची आठवण दिली. कृष्णेचं पाणी किती झपाट्याने चढलं आणि उतरायला किती दिवस लागले, हे सांगलीत कुणाला समजवावं लागत नाही. आणि पाणी गेल्यावर घराघरांत गाळ राहिला तो वेगळाच. सुजेचंही तसंच असतं. आधी पाणी जातं, आणि नंतर ऊतींत जो कडकपणा राहतो तो महिने घेतो.

बोलता-बोलता मुलीने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली. एक सेराशिओपेप्टिडेजचं, 'सूज उतरायची गोळी' म्हणून आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं. दुसरं बीटामेथासोनचं, म्हणजे स्टेरॉइडचं. दुकानातूनच आणलेली, चार दिवस घेत होती. तिने ती लपवली नाहीत, हे मी तिच्या बाजूने धरतो. पहिल्या गोळीच्या उपयोगाचा पुरावा दुबळा आहे. जपानमध्ये ती बाजारात आणणाऱ्या कंपनीनेच २०११ मध्ये परत घेतली. दुसरी खरी जोखमीची. शस्त्रक्रियेच्या वेळी मोजून दिलेलं स्टेरॉइड वेगळं. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच्या मनाने सुरू केलेलं स्टेरॉइड जखम भरणं मंदावतं आणि जंतुसंसर्ग झालाच तर ताप आणि लाली दाबून ठेवतं. दोन्ही बंद केल्या. औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी हे करते, तर इतरांचं काय, असा विचार मनात येऊन गेला.

पुन्हा शस्त्रक्रिया करायला मी स्पष्ट नकार दिला. सहा महिन्यांच्या आत चेहऱ्याच्या आकाराबद्दल काही ठरवायचं नाही, असं लिहून दिलं आणि चुलत्यांनाही ते वाचायला सांगितलं. घरात निर्णय कोण घेतं हे ओळखून त्या माणसाशी बोलावं लागतं, नाहीतर रुग्णाला दिलेला धीर जेवणाच्या ताटावर संपतो.

फोनच्या फोटोंचंही एक ठरवलं. ती उजव्या हातात फोन धरून, हाताच्या अंतरावरून फोटो काढत होती. कॅमेरा जवळ असला की जवळची बाजू मोठी दिसते, आणि तिची जवळची बाजू उजवीच होती. पुढच्या कॅमेऱ्यात कधी उलटी प्रतिमा दिसते, कधी सुलटी, त्यामुळे आज वाकडं उजवीकडे आणि उद्या डावीकडे वाटतं. आठवड्यातून एकच फोटो, संध्याकाळी, एकाच भिंतीपुढे, आईने दीड मीटरवरून काढायचा. संध्याकाळी, कारण रात्रभर आडवं राहिल्याने सकाळी सूज जास्त असते.

तोंड उघडण्याचे व्यायामही तेव्हाच सुरू झाले. पुढच्या दातांमधलं अंतर २२ मिलिमीटर होतं, साधारण ३५ च्या पुढे हवं. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. लसिकेचा निचरा व्हावा म्हणून जबड्यापासून कानामागे आणि तिथून गळ्यावरून हंसळीच्या हाडाकडे, हलक्या हाताने, बोटांचा भार न देता कुरवाळायचं. आजींना हे काम मनापासून आवडलं. मालिश नको, कुरवाळणं, एवढं दोनदा सांगावं लागलं.

पुढचे महिने

सहाव्या आठवड्यात उजवी-डावीतला सुजेचा फरक २ मिलिमीटरवर आला आणि पहिल्यांदा उजवी कड नजरेला दिसली. तोंड ३४ मिलिमीटर उघडत होतं, मऊ भात आणि दुधात कुस्करलेली भाकरी सुरू झाली. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर कडक चावणं बंदच होतं. हसताना उजवा ओठ खाली कमी यायचा. ओठाचा कोपरा खाली ओढणाऱ्या नसेवर आणि स्नायूवर ताण पडलेला असतो. तिसऱ्या महिन्यात तो सारखा झाला. हनुवटी मात्र तोवर निबर लागत होती, "माझी नाहीच वाटत," असं ती म्हणायची. आतल्या व्रणाचे तंतू नव्याने रचले जात असतात, तेव्हा असं लागतं.

बधिरपणाबाबत मी तिला खोटी आशा दिली नव्हती. सातव्या आठवड्यात ओठात मुंग्या यायला लागल्या, कधी चमक मारायची. ती घाबरली, मला बरं वाटलं, कारण नस जागी होताना असंच होतं. सहा महिन्यांत ओठाची संवेदना जवळजवळ परत आली. हनुवटीच्या उजव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढी जागा वर्षानंतरही मंद आहे. तिथला स्पर्श कळतो, पण दूरचा. ती जागा तशीच राहण्याची शक्यता आहे, आणि ही किंमत शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाला सांगायला हवी, विशेषतः कालवा कडेला आलेला असेल तेव्हा.

सहा महिन्यांनी चेहऱ्याची मापं घेतली. खालच्या कडांत १ मिलिमीटरचा फरक, हनुवटी मध्यावर. शस्त्रक्रिया न झालेल्या चेहऱ्यांतही एवढा फरक असतो. पुन्हा काही करायचा प्रश्नच उरला नाही. दुकानात ती दुसऱ्या महिन्यातच रुजू झाली होती, आधी मास्क लावून. मास्क कधी काढला ते मी विचारलं नाही.

या प्रकरणानंतर शस्त्रक्रियेआधीच्या बोलण्याला मी घरातली मोठी माणसं बोलावून घेतो, बागेचं काम असलं तरी. सोळाव्या दिवशी चेहरा कसा दिसेल हे त्यांना आधी सांगतो, मग शस्त्रक्रियेची तारीख देतो.

पट्टी-स्क्रू काढायची गरज नाही. टायटॅनियम हाडात मुरून राहतं, चुंबकाने ओढलं जात नाही आणि पुढे एमआरआय करायला अडवत नाही. वाढ पुन्हा सुरू होत नाही ना, हे बघायला आणखी दोन वर्षं, वर्षातून एकदा एक्स-रे आणि मापं घ्यायची ठरली आहेत. पुढची तारीख माल निघाल्यावरची, एप्रिलातली दिली आहे.